पन्नास हर्ट्झ

कलिना गावठाणात, बेकरीच्या मागे,
हायसिंथ मिस्किटांच्या ओसरीवर
गिटार उताणी पडली होती, पोट उघडून.
मी आणलेलं खोकं त्यांनी बाजूला सरकवलं.
फोडलं नाही.
पाच महिन्यांच्या नाइट ड्यूट्या होत्या त्यात:
दोन नवे पिकअप, पोलादी ब्रिज,
कुलूप लागणाऱ्या सहा खुंट्या.

"आवाज बदलेल ना, अंकल?"

डोक्यावरून विमान गेलं.
ते जाईपर्यंत दोघं गप्प.
या ओसरीवर कुठल्याही उत्तराला
एवढा वेळ लागतोच.

"कोणाचा?" ते म्हणाले.

जुन्या खुंट्या काढल्या तर हिरवी पूड सांडली.
आधीचा मालक वर्सोव्याचा,
समुद्राकडच्या खिडकीत टांगून ठेवायचा हिला.
खाऱ्या वाऱ्याने दात कोरलेले चाकांचे.
"खुंटीने आवाज नाही बदलत, बाय.
तू बदलतेस.
दर गाण्याला तिचे कान पिळायचे थांबतात,
मग तुझे उघडतात."

मग पिकअप.
झाकण काढून दाखवलं त्यांनी:
केसाहून बारीक तांब्याची तार,
चुंबकांभोवती आठ हजार वेढे.
माझी आई वडाला सात वेढ्यांत
सात जन्म उरकते.
इथे आठ हजारांत कोण काय मागत होतं?
कुठल्याशा कारखान्यात, दुसऱ्या पाळीत,
एखादी बाई डुलकी आवरत बसली असेल मशीनपाशी
आणि थोडे वेढे सैल पडले असतील.
विमान गेलं की ते थरथरायचे,
अँपमधून कुणी कण्हल्यासारखं यायचं.
चार वर्षं मी त्यालाच
माझा सूर म्हणत होते.

"डोळे मीट," म्हणाले.
त्यांच्या फोनवर तीन तुकडे, एकच ओळ, मीच वाजवलेली.
पहिला: भरड. दुसरा: गुळगुळीत.
तिसऱ्याला मी उडालेच: "हा! हा नवा!"

तिसरा जुनाच होता.
फक्त दोन स्क्रू
पाऊण पाऊण फेरा वर घेतलेले.
खर्च: शून्य.
ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.
चहात खारी बुडवली आणि ती
तुटायच्या आत बाहेर काढली.

"मग परत करू हे सगळं?"
"नको. तो हंऽऽ आवाज जातो याने. तेवढा खरा फरक."

तो हंऽऽ.
ट्यूबलाइटचा चोक, फ्रिज, शेजारच्या लिफ्टची मोटर,
आमच्या लॅबच्या भिंतीतली वायर,
रक्ताच्या नळ्या गरगर फिरत असतात तिथे
रात्री तीन वाजता:
सगळ्यांचा एकच स्वर,
मंद्रातल्या जीच्या केसभर वर.
आख्खी मुंबई तोच धरून बसलीय
आणि तंबोऱ्याला कुणी टाळ्या देत नाही.

लावले.
घरी आले, कुर्ल्याला. अँप चालू केला.
वाटलं, बंदच आहे.
वाजवलं तर स्वच्छ. फार स्वच्छ.
मधल्या बोटाचं नख तारेला घासतं
हे पहिल्यांदा कळलं,
आणि बारावर मी घाई करते, हेही.
खोटं कशाला बोलू, थोडी रागच आला
एवढ्या पैशांत हे ऐकायला मिळालं म्हणून.

जुना पिकअप नमुन्याच्या डबीत आहे.
वर लेबल लावलंय सवयीने:
वय सतरा. दिनांक.
तपासणीच्या रकान्यात काय लिहावं
सुचलं नाही.

फरक पडला का, विचारतात बँडमधले.
पडला, म्हणते. कुठे, ते सांगता येत नाही.
आमच्याही छतावरून तीच विमानं उतरतात,
पत्रे वाजतात, दाराची कडी वाजते,
गिटारला आता पत्ताही लागत नाही.
माझी बोटं मात्र अजून थांबतात,
ते जाईपर्यंत.